रेकॉर्डवरचा होकार

१

औषधाच्या दुकानात कार्ड चाललं नाही.

काकूंनी ते पदराला पुसून पुन्हा दिलं. काउंटरवरच्या माणसानं ते दुसऱ्या मशीनला लावून पाहिलं आणि मान हलवली. मागे रांग होती, रांगेत कुणीतरी घसा खाकरला. काकूंनी गोळ्यांची पाकिटं एकेक करून परत सरकवली, रक्तदाबाची तेवढी ठेवून घेतली, पर्समधले सुटे दिले नि बाहेर पडल्या. वय अडुसष्ट, पण त्या दिवशी फुटपाथवर उभं राहताना त्यांना आपण चोरी करताना सापडल्यासारखं वाटलं.

खात्यात पैसे असायला हवे होते. नवऱ्याचं पेन्शन नुकतंच जमा झालं होतं. त्या तशाच बँकेत गेल्या. तिथल्या मुलीनं स्क्रीनवर पाहत सांगितलं, "दर महिन्याला चार हप्ते कापले जातायत ना, म्हणून. जीवन कवच, प्रवास क्लब, कार्ड सुरक्षा आणि सुवर्ण कार्डाची फी."

"हे कुणी घेतलं?"

"तुमच्या मिस्टरांनी. फोनवरून. आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे."

"माझे मिस्टर बोलत नाहीत."

मुलीनं सहानुभूतीनं पाहिलं. "भांडण झालंय का?"

"झटका आलाय," काकू म्हणाल्या. "दीड वर्ष झालं. वाचा गेलीय त्यांची."

काका एका कारखान्यात माल तपासनीस होते. यंत्राचे सुटे भाग त्यांच्या टेबलावरून जायचे आणि केसभर जरी इकडेतिकडे झालं तरी परत जायचे. मालक येवो की मालकाचा मेहुणा, काकांचं उत्तर एकच, "नाही." कामगार त्यांना 'नकारघंटा' म्हणत, आधी पाठीमागे आणि पुढे तोंडावरही. या माणसानं दारावरच्या विक्रेत्याकडून आयुष्यात साधा कंगवा घेतला नव्हता. त्यानं प्रवास क्लब घेतला म्हणे! उजवं अंग लुळं पडलेला माणूस खुर्चीतून पलंगापर्यंत गेला तरी तो त्या घरातला मोठा प्रवास होता.

काकूंनी बँकेकडे चार वेळा तक्रार केली. चारही वेळा उत्तर आलं की होकार ग्राहकानं स्वतः दिला आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मग शेजारच्या वकिलीणबाईंच्या सांगण्यावरून त्या बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी कार्यालयात गेल्या. तिथे तपासनीस बाईंनी बँकेकडून रेकॉर्डिंग मागवून घेतलं आणि काकूंच्या कानाला हेडफोन लावले.

एक मुलगी भराभर काहीतरी वाचत होती. मग थांबली. आणि एक खर्जातला, किंचित घोगरा आवाज म्हणाला, "हो."

काकूंनी हेडफोन काढले.

"हा त्यांचाच आवाज आहे," त्या म्हणाल्या.

२

तपासनीस बाईंचं टेबल लिफ्टच्या भिंतीला लागून होतं. दिवसभर लिफ्टची घरघर पाठीत शिरायची. नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती. सुरुवातीला त्यांना लोकांच्या तक्रारी वाचून राग यायचा. आता फक्त पाठ दुखायची. तक्रार नवी असली तरी बँकेचं उत्तर जुनंच असे. बाईंना ती उत्तरं पाठ झाली होती, आरतीसारखी.

पण हे प्रकरण सरळ नव्हतं. बँकेचे तक्रार निवारण अधिकारी स्वतः आले होते. कडक इस्त्री, मऊ बोलणं. काकूंनी मनातल्या मनात त्यांचं नाव 'निवारणसाहेब' ठेवलं.

"मॅडम, तुम्हीच विचार करा," निवारणसाहेब म्हणाले. "पत्नी म्हणते आवाज त्यांचा. डॉक्टरांचं सर्टिफिकेट म्हणतं, माणूस बोलू शकत नाही. दोन्ही खरं कसं असेल? घरातल्याच कुणीतरी आवाज काढलाय. सुवर्ण कार्ड मिळवून वापरायचा बेत असणार. ही तोतयेगिरी झाली. आम्हाला पोलिसात जावं लागेल."

"ते कार्ड वापरलं गेलंय?"

"नाही, पण..."

"पाकीट तरी फोडलंय?"

"ते कपाटात तसंच आहे," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, जुन्याच्या जागी नवं पाठवलं असेल."

निवारणसाहेब हसले. हसण्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. "तक्रार मागे घेतलीत तर आम्हीही पुढे जाणार नाही. विचार करा."

ते गेल्यावर बाईंनी पुन्हा ऐकायला सुरुवात केली. बँकेनं चारही फोनचे फक्त 'होकाराचे भाग' पाठवले होते. चार वेगवेगळ्या मुली बोलत होत्या.

"आपण खातेदार स्वतःच बोलताय ना, सर?"

"हो."

"आपली जन्मतारीख..." मुलीनं ती स्वतःच वाचून दाखवली, "बरोबर ना?"

"हो."

"ही योजना आपल्याला मान्य आहे ना?"

"हो."

"आपल्या मनात काही शंका आहेत का?"

"हो."

"थँक यू, सर. आपला दिवस चांगला जावो."

बाईंनी तेवढा तुकडा मागे नेऊन परत ऐकला. शंका आहेत का, हो. थँक यू. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. समोर काकू पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

"काकू, घरी फोन कोण कोण उचलतं?"

"मी दुपारी नसते. कपडे अल्टर करायच्या दुकानात जाते, औषधांना हातभार म्हणून. फिजिओ येतो. आणि..." पट्टा आणखी घट्ट झाला. "बाई, खोटं बोलणार नाही. माझा जावई त्यांची नक्कल करतो. हुबेहूब. डोळे मिटले तर कळायचं नाही."

३

जावई एका खासगी कंपनीची पैसे पोचवणारी गाडी चालवायचा. सरळ, धिप्पाड माणूस. तपासनीस बाई घरी येणार म्हणून युनिफॉर्मवरच आला होता आणि सासूबाईंकडे बघत नव्हता. त्याची बायको, म्हणजे काकूंची मुलगी, आलीच नव्हती. मायलेकींचं महिनाभर बोलणं बंद होतं, ते कशावरून हे विचारायची गरज नव्हती.

"पोलिसात नुसतं नाव गेलं तरी माझी नोकरी गेली," जावई म्हणाला. "आमच्याकडे तसा नियमच आहे. आणि मी कशाला करू हो? जीवन कवच घेऊन काय पांघरू?"

"नक्कल करून दाखवाल?"

तो ओशाळला. आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि मग हनुवटी छातीला टेकवून म्हणाला, "नाही. परत न्या. पुन्हा करून आणा."

बाईंच्या अंगावर काटा आला. रेकॉर्डिंगमधलाच घोगरा खर्ज.

"आता 'हो' म्हणा."

"हो," जावई म्हणाला. तो त्याचाच आवाज होता. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. "हो. हो..." नाही जमलं. शेवटी हताश होऊन म्हणाला, "अहो, त्यांना 'हो' म्हणताना मी कधी ऐकलंच नाही. लग्नालासुद्धा 'बघू' म्हणाले होते."

बाईंना हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

फिजिओ पायऱ्या चढून आला तो घामाघूम. त्याचं म्हणणं थोडक्यात होतं. फोन काकांच्या खुर्चीशेजारीच आहे, काकू दुकानातून करतात म्हणून. वाजला की काका डाव्या हातानं उचलतात. "त्यांचा तेवढाच व्यायाम मी न सांगता होतो."

"उचलून काय करतात?"

"ऐकतात. मी आत तेल गरम करत असतो. कसरत करून घेतो, गप्पा मारायला येत नाही मी."

"दुखतं का त्यांना?"

"ते चेहऱ्यावर कळतं," फिजिओ म्हणाला. "विचारत नाही मी."

बाई आतल्या खोलीत गेल्या. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीत काका. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा, वरचं बटणही लावलेलं. नजर चांगली तल्लख. काकू मागोमाग चहा घेऊन आल्या.

"चहा आणलाय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "गरम आहे, जपून. ह्या ऑफिसातल्या बाई आहेत. ऊन आलंय तोंडावर, पडदा ओढते."

पडदा ओढून त्या बिस्किटं आणायला गेल्या. बाईंना काहीतरी खटकत होतं, पण बोट ठेवता येईना. काकू नवऱ्याशी किती बोलत होत्या! आणि तरी त्या बोलण्यात एक चमत्कारिक रिकामी जागा होती. मग ध्यानात आलं. काकूंनी त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता. चहा हवाय का, ऊन लागतंय का, काही नाही. फिजिओसुद्धा विचारत नव्हता.

बाई खिडकीशी गेल्या. रस्त्यावरून धूळ येत होती.

"खिडकी लावू का?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. आणि खर्जातल्या, घोगऱ्या आवाजात म्हणाले,

"हो."

४

दाराबाहेर बिस्किटांची बशी पडल्याचा आवाज आला.

काकू दारात उभ्या राहिल्या. बाईंनी त्यांच्याकडे न पाहता काकांना विचारलं, "की उघडीच ठेवू?"

"हो."

"तुम्ही आज कारखान्यात जाऊन आलात?"

"हो," काका म्हणाले. त्यांचा डावा हात मात्र उठला, आणि त्यांनी बाईंचा खिडकीवरचा हात हळूच, पण ठामपणे बाजूला केला.

"खिडकी उघडी हवीय त्यांना," काकू म्हणाल्या. "तोंडाकडे नका बघू. हात खरं बोलतो."

मग त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि जे पोटात होतं ते सांगितलं. झटक्यातून शुद्धीवर आल्यावर काकांच्या तोंडी एवढा एकच शब्द उरला. काय वाटेल ते विचारा, हो. डॉक्टरांनी बजावलं होतं की त्याला अर्थ नाही, ते सगळं समजतात पण तोंडाला दुसरा शब्द सापडत नाही. काकूंना ते पटलंही होतं. पण हॉस्पिटलातून आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या रात्री त्यांचं त्यांनाच राहवलं नाही.

"मी विचारलं, माझा वैताग येतो का तुम्हाला?" काकू म्हणाल्या. "म्हणाले, हो. मला ठाऊक होतं अर्थ नाही. पण कानाला कुठे कळतं? तेव्हापासून प्रश्नच विचारायचे सोडले. दुसऱ्यांनाही सांगितलं, वाचा गेलीय, काही विचारू नका. वर्ष-दीड वर्ष हा शब्द या घरात कुणी ऐकला नाही. तुमच्या त्या यंत्रात ऐकला तेव्हा वाटलं..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "वाटलं, ह्यांना बोलता येतंय, आणि माझ्याशीच बोलत नाहीत. त्यापेक्षा जावयानं नक्कल केली असेल, हे मानणं सोपं गेलं."

काका भिंतीकडे पाहत होते. डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या. फिजिओ दारातून म्हणाला, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, मॅडम. दुखतंय का, हो. नाही ना दुखत, हो. पण काकूंनी शपथ घातली होती."

जावई पुढे झाला. त्यानं फरशीवरची फुटलेली बशी गोळा केली. मग सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आई, हिला फोन करू ना? येऊ दे तिला?"

काकूंनी मान डोलावली.

म्हणजे आवाज खरा होता. तोतया कुणी नव्हताच. बस न मिळाल्यानं बाई चालत ऑफिसात आल्या; वाटेत त्यांना दिसलं की काम सोपं न होता अवघड झालंय. बँक आता म्हणेल, बघा, होकार ग्राहकाचाच. आम्हाला काय ठाऊक तो आजारी आहे? फोनवर कुणाला दिसतं?

त्यांनी चारही तुकडे पुन्हा ऐकले. या वेळी काकांकडे दुर्लक्ष केलं आणि मुलींकडे कान दिला.

पहिली मुलगी अडखळत होती. योजनेचं नावच चुकली. दुसरीनं एक ओळ दोनदा वाचली. तिसरीचा आवाज कापत होता. चौथी तर श्वास घ्यायचा विसरून मध्येच धापा टाकत होती. नवख्या होत्या चौघीही. पण प्रश्न? प्रश्नांत एकीचीही चूक नव्हती. 'जन्मतारीख सांगा' असं कुणीच म्हटलं नव्हतं. चौघींनी तारीख आपणच वाचून 'बरोबर ना' विचारलं होतं. आणि 'शंका आहेत का' ला 'हो' आलं, तेव्हा घाबरलेल्या मुलीनंही न दचकता आभार मानले होते.

बोलायला न शिकलेल्या मुलींना या एका माणसाला कसं विचारायचं, हे मात्र नेमकं शिकवलेलं होतं. बँकेत कुणाला तरी फोनवरून सगळं दिसत होतं.

५

चौथ्या मुलीनं नोकरी सोडली होती. रेकॉर्डिंगवर सांगितलेल्या नावावरून शोधता शोधता ती एका चष्म्याच्या दुकानात सापडली. गिऱ्हाइकांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावायची. दुकान रिकामं होतं. तपासनीस बाईंनी ओळख सांगितली, तसा तिचा चेहरा उतरला.

"माझ्यावर केस होणार का?"

"माझ्या हातात नाही ती गोष्ट. पण विचारायला मी तुमच्या सरांकडे न जाता तुझ्याकडे आलेय, एवढं लक्षात घे."

मुलीनं बराच वेळ मऊ कापडानं एक काच पुसली.

"मॅडम, दिवसभरात शंभर लोक शिव्या घालतात," ती म्हणाली. "फोन आपटतात. नवीन मुली बाथरूममध्ये जाऊन रडतात, दुसऱ्या दिवशी येतच नाहीत. म्हणून सर पहिल्या दिवशी एक सोपा नंबर देतात. एक तरी विक्री होऊ दे, धीर येतो, म्हणतात. आमच्याकडे त्याला 'होयबा' म्हणतात."

"कुणाला?"

"त्या गिऱ्हाइकाला. 'हिला एक होयबा दे रे,' असं. सर शेजारी उभे राहतात. कानात सांगतात, उघडा प्रश्न विचारायचा नाही, शेवटी 'ना' लावायचं. शंकेला 'हो' आलं तर ऐकलं नाही असं करायचं, कारण तो प्रश्न नियमात आहे, गाळता येत नाही. काकांचा नंबर माझ्या आधी तिघींना दिला होता. त्या तिघींच्याही आधी कुणाच्या तरी फोनला कळलं होतं, की हे सगळ्यालाच हो म्हणतात. तिनं सरांना सांगितलं. तिला वाटलं असेल सर नाव काढून टाकतील."

"असे आणखी होते?"

"होते ना. एक विसरभोळ्या आजी होत्या, प्रत्येक फोनला नव्यानं खूश व्हायच्या. एकांना ऐकू कमी यायचं." तिनं काच ठेवून दिली. "मला त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मॅडम. पहिली विक्री म्हणून. मी घरी येऊन आईला सांगितलं, आणि तिनंही कौतुक केलं. मग मला जेवण गेलं नाही. का ते कळत नव्हतं. पुढच्या आठवड्यात सोडली."

"हे लिहून देशील?"

ती दाराकडे पाहत राहिली. "सरांनी अनुभवाचं पत्र अडवून ठेवलंय अजून."

"मग नको लिहूस," बाई म्हणाल्या. त्यांनी हे मनापासून म्हटलं होतं. नोकरीसाठी चपला झिजवणाऱ्या पोरीला त्या ओळखत होत्या, त्यांच्या घरातही एक होती. त्या उठल्या.

"पण मग तुम्ही सिद्ध कसं करणार?" मुलीनं मागून विचारलं.

बाईंनी पर्स खांद्याला अडकवली आणि बाहेर पडल्या.

६

निवारणसाहेब स्वतःहून काकूंच्या घरी आले. बाईंना तसा निरोप होता म्हणून त्याही गेल्या. मुलगी-जावई होते. साहेबांनी टेबलावर कागद ठेवला.

"बँक मोठ्या मनानं चारही योजना बंद करते आणि अर्धी रक्कम सदिच्छा म्हणून परत देते. चूक मान्य करत नाही, तुम्ही तक्रार मागे घ्या. आणि हो," ते बाईंकडे वळले, "तुमच्याच भेटीच्या नोंदीवरून आम्हाला कळलंय की हे 'हो' म्हणू शकतात. म्हणजे रेकॉर्डिंग खरंच आहे. ते आजारी आहेत हे बँकेला कुणी कळवलं नव्हतं. आमच्या मुलींनी विचारलं, त्यांनी होकार दिला. संपलं."

हा डाव त्यांच्या बाजूनं बरोबर पडला होता.

साहेब काकांसमोर वाकले. कागद त्यांच्या मांडीवर ठेवून गोड आवाजात म्हणाले, "साहेब, ही तडजोड आपल्याला मान्य आहे ना?"

"हो," काका म्हणाले.

"ऐकलंत?" निवारणसाहेब सगळ्यांकडे पाहत म्हणाले.

काकांच्या डाव्या हातानं कागद उचलला आणि उलट्या पंजानं खाली ढकलला. कागद तरंगत साहेबांच्या बुटावर पडला.

तपासनीस बाई इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. पाठ ठणकत होती. त्या काकांजवळ गेल्या आणि गुडघ्यावर बसल्या. "काका, मी तुम्हाला तीन वेडेवाकडे प्रश्न विचारणार आहे. राग मानू नका. तुम्हाला कळेल मी का विचारतेय ते."

काकांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. डाव्या हाताची बोटं किंचित हलली. ये, पुढे बोल, असं.

"बँकेनं तुम्हाला फसवलं का?"

"हो."

"या साहेबांनी आत्ता तुमच्या खिशातून घड्याळ काढून घेतलं का?"

"हो."

निवारणसाहेबांचा हात नकळत स्वतःच्या खिशाकडे गेला. जावयाला हसू आवरेना.

"तुमचा जन्म गेल्या वर्षी झाला का?"

"हो," काका म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्याची चांगली बाजू वर ओढली गेली. दीड वर्षात काकूंनी ते पाहिलं नव्हतं. ते हसत होते.

बाई खुर्चीचा आधार घेत उठल्या. "साहेब, यांचा होकार खरा मानायचा असेल तर तुम्ही घड्याळचोर आहात आणि बँक ठग आहे, तेही रेकॉर्डवर घेते. खरा मानायचा नसेल तर तुमचे चारही फोन रद्दी. काय लिहू?"

"हा पोरखेळ आहे. आमच्या मुलींना कसं कळणार होतं?"

"तेच तर. 'मनात शंका आहेत का' ला 'हो' आलं. ज्या मुलीला काही ठाऊक नाही, ती काय विचारेल? कसली शंका, सर? चौघींतली एकही विचारत नाही. चौघी वेगळ्या, नवख्या, शब्दाशब्दाला ठेचकाळणाऱ्या, आणि चौघींनाही तेच एक उत्तर ऐकू येत नाही. योगायोग चार वेळा होत नाही, साहेब. त्यांना त्या होकाराचं मोल आधीच ठाऊक होतं. तुम्ही म्हणता बँकेला कुणी कळवलं नाही. तुमच्याच रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतंय की बँकेला माहीत होतं." त्या क्षणभर थांबल्या. "तुमच्या भाषेत अशा गिऱ्हाइकाला काय म्हणतात, तेही मला कळलंय. या चौघींच्याही आधीचा, अगदी पहिला फोन पूर्ण मागवू? त्यात ज्या क्षणी कळलं, तो क्षण असेल."

निवारणसाहेबांनी खाली वाकून कागद उचलला, त्याची घडी केली. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थकवा दिसला. तेही पगारी माणूसच होते.

"पूर्ण रक्कम," ते म्हणाले. "आणि पोलिसांचा विषय संपला."

"आणि निकालात कारण लिहिलं जाईल," बाई म्हणाल्या.

साहेबांनी कागदाची घडी खिशात घातली आणि चपळाईनं जिना उतरून गेले.

७

पैसे आले. काकूंनी दुकान सोडलं नाही, पण दुपारची पाळी बदलून सकाळची घेतली. मायलेकी पुन्हा भांडू लागल्या, नेहमीच्या कारणांवरून.

निकालात मात्र कारण लिहिलं गेलं नाही. बाईंच्या वरिष्ठांनी तो परिच्छेद लाल रेघेनं काढून टाकला. "तक्रार एक होती, तिचं निवारण झालं," ते म्हणाले. बोलताना त्यांनी वर पाहिलं नाही. "बाकीचे कोण होयबा असतील त्यांनी तक्रार करावी. आपल्याला स्वतःहून हात घालता येत नाही."

"ज्याला तक्रार करता येते, तो होयबा नसतो, सर."

"नियम मी केले नाहीत."

त्यांनीही नियम केले नव्हते, निवारणसाहेबांनीही नाही, मुलींच्या कानाशी वाकणाऱ्या सरांनीही कदाचित नाही. बाईंनी पहिला फोन पूर्ण मागवला. उत्तर आलं की जुनी रेकॉर्डिंग धोरणानुसार पुसली जातात, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

पुढच्या आठवड्यात चष्म्याच्या दुकानातल्या मुलीचा फोन आला. अनुभवाचं पत्र मिळालं होतं. "लिहून देते," ती म्हणाली. "आणि त्या विसरभोळ्या आजींचा पत्ता आठवतोय मला. स्क्रीनवर असायचा."

तपासनीस बाईंनी एक दिवस रजा टाकली. सरकारी कामासाठी जाता येत नव्हतं, मग स्वतःच्या वेळात गेल्या. तिसरा मजला, लिफ्ट बंद. प्रत्येक वळणावर थांबत, कठड्याला धरत त्या चढल्या. दार एका पन्नाशीच्या बाईनं उघडलं, हाताला कणीक लागलेली. आत कुणीतरी म्हातारी बाई मोठ्यानं कुणाशी तरी आनंदानं बोलत होती.

"आईंच्या बँकेच्या कामासाठी आलेय," बाई म्हणाल्या आणि कार्यालयाचं ओळखपत्र दाखवलं.

त्या बाईनं ते वाचलं. कपाळावर आठ्या पडल्या. "पण आम्ही तर कसली तक्रार केली नाहीये."

"ठाऊक आहे," तपासनीस बाई म्हणाल्या. त्यांनी दारातच चपला काढल्या. "आता करा. हात धुऊन या तुम्ही, मी बसते."